उकली न शोधता उकली मोजणं: मूळ संख्येच्या मापात बहुपदी

भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त एक प्रश्न घातला आहे. अशी कोणती संख्या, की जिच्या वर्गातून ३० वजा केले तर उरलेल्याला ७ने निःशेष भाग जातो? १० घ्या: शंभर वजा तीस, सत्तर. गेला भाग. ११ घ्या: १२१ वजा ३०, एक्याण्णव. तोही गेला. मग १७ आणि १८, २४ आणि २५ अशा जोड्या लागत राहतात. घनाचाही एक प्रश्न आहे: घनातून ६ वजा करून ५ने भाग जावा. तिथे ६ चालतो, ११ चालतो, १६ चालतो. दर पाचांत एकच.

वर्गाला सातांत दोन आणि घनाला पाचांत एक, असं का? आणि ७च्या जागी ४७ असता तर? किंवा १,००,००,००,००७ असता तर? शंभर कोटी सात ही मूळ संख्या आहे, प्रोग्रामिंगच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांना ती तोंडपाठ असते. तितक्या संख्या एकेक करून तपासायला कुणी बसणार नाही. सुदैवाने उकली शोधणं हे एक काम आहे आणि त्या किती आहेत हे मोजणं हे वेगळं काम आहे. दुसरं काम बरंच स्वस्तात होतं. ते कसं करायचं, ते इथे पायरीपायरीने मांडतो. दहावीचं बीजगणित (बहुपदींचा भागाकार, मसावि, विवेचक) आठवत असेल तर पुरे.

आधी लिहिण्याची रीत

‘अ ≡ ब (मॉड प)’ म्हणजे अ आणि ब यांना प ने भागलं की एकच बाकी उरते. अशा संख्यांना समशेष म्हणतात. ‘प च्या मापात’ म्हणजेही हेच: प ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या हिशोबात. या लेखात प ही कायम मूळ संख्या. क्ष^११ म्हणजे क्षचा अकरावा घात. उकली मोजायच्या त्या ० पासून प−१ पर्यंतच्या बाक्यांमध्ये. १० आणि १७ या ७च्या हिशोबात एकच उकल, कारण दोघांची बाकी ३. आणि एक खबरदारी: मराठीत बहुपदीच्या उकलीलाही ‘मूळ’ म्हणतात आणि २, ३, ५, ७ यांनाही ‘मूळ संख्या’. गोंधळ नको म्हणून पहिल्या अर्थी मी ‘उकल’च म्हणेन.

पायरी १: लहान मापावर तक्ता करा

युक्त्या शिकण्याआधी एकदा तरी हाताने तक्ता करावा. आपल्या सोबतीला शेवटपर्यंत ही बहुपदी घेऊ:

फ(क्ष) = क्ष³ + क्ष + १

११च्या मापात क्ष = ०, १, २, … १० ठेवत गेलं तर फ(क्ष)च्या बाक्या क्रमाने अशा येतात:

१, ३, ०, ९, ३, १०, ३, १०, ४, २, १०

शून्य एकदाच आलं, क्ष = २ ला. म्हणून मॉड ११ उकल एक. हा तक्ता पुसू नका, पुढे दोनदा लागणार आहे.

मोठ्या क्षसाठी ऋण संख्या वापरा. १०चा घन करत बसण्यापेक्षा १० ≡ −१ धरा: −१ −१ + १ = −१ ≡ १०. तक्त्याचं अर्धं काम असंच हलकं होतं.

याच बहुपदीला वेगवेगळ्या मूळ संख्यांनी मोजलं तर २, ५ आणि ७ला उकल नाही, ३, ११, १३ आणि १७ला एकेक, ३१ला दोन, ४७ला तीन. हे आकडे लहरी वाटतात. तसे ते नाहीत, पण ते कळायला पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंत यावं लागेल.

पायरी २: बहुपदी आटोपशीर करा

सहगुणक मोठे असतील तर प ने भागून बाकी घ्या. हे सोपं. घात मोठे असतील तर फर्माचा छोटा सिद्धांत वापरा. फर्माने १६४० साली एका पत्रात तो कळवला होता: कोणत्याही क्षसाठी क्ष^प ≡ क्ष (मॉड प). म्हणजे प किंवा त्याहून मोठ्या घातातून प−१ वजा करत राहायचं. मॉड ७ असेल तर क्ष^१०० मधून सहा-सहा काढत क्ष^४ पर्यंत उतरता येतं.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. क्ष^१२ चं मॉड ७ काय? घाईत वाटतं, १२ला ६ने भाग जातो, बाकी शून्य, म्हणजे क्ष^० = १. तसं केलं तर क्ष^१२ − १ ही बहुपदी सरळ शून्य होते आणि उत्तर येतं सात उकली. पण क्ष = ० ठेवा: ० − १ = −१, उकल नाही. खरं उत्तर सहा. नियम असा की घात कमी करताना १च्या खाली उतरायचं नाही. क्ष^१२ चं क्ष^६ होतं, १ होत नाही. शून्याचा मुक्काम लक्षात ठेवला की ही चूक होत नाही.

आटोपशीर केल्यावर सगळे सहगुणक शून्य झाले, तर प्रत्येक बाकी उकल आहे आणि उत्तर प. नाहीतर लाग्रांजचा सिद्धांत लागतो: बहुपदीच्या कोटीपेक्षा जास्त उकली असू शकत नाहीत. हे फक्त मूळ संख्येच्या मापात खरं. ८च्या मापात क्ष² ≡ १ ला १, ३, ५, ७ अशा चार उकली सापडतात, कारण तिथे दोन अशून्य संख्यांचा गुणाकार शून्य होऊ शकतो. प मूळ असला की तसं होत नाही, आणि पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी ३: कोटी एक आणि कोटी दोन

अक्ष ≡ ब असेल तर फार बोलायला नको. अ ≢ ० असेल तर नेमकी एक उकल. ती काढायची रीत म्हणजे आपला जुना कुट्टक, अशी समीकरणं पूर्णांकांत सोडवायची भारतीय रीत. अ ≡ ० आणि ब ≢ ० असेल तर एकही नाही. दोन्ही शून्य असतील तर प.

वर्ग समीकरणात अक्ष² + बक्ष + क ≡ ० ला ४अ ने गुणा. डावीकडे (२अक्ष + ब)² तयार होतो आणि उजवीकडे आपला ओळखीचा विवेचक, ब² − ४अक. म्हणजे सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर येतो: विवेचक हा मॉड प कोणाचा वर्ग आहे का? (प = २ असेल तर ४अ शून्य होतो. तिथे ० आणि १ ठेवून पाहा आणि मोकळे व्हा.)

यासाठी लेजांद्रची खूण वापरतात. मी ती ख(अ) अशी लिहितो. अ शून्याशी समशेष असेल तर ख(अ) = ०, अ कोणाचा तरी वर्ग असेल तर +१, नसेल तर −१. मग वर्ग समीकरणाच्या उकली = १ + ख(विवेचक). दोन, एक किंवा शून्य.

भास्कराचार्यांच्या प्रश्नात क्ष² ≡ ३० ≡ २ (मॉड ७). सातच्या मापातले अशून्य वर्ग १, ४, २ एवढेच. २ त्यात आहे, म्हणून दोन उकली, ३ आणि ४. आपल्या जोड्या (१० आणि ११, १७ आणि १८) यांच्या बाक्या याच.

दुसरं उदाहरण, क्ष² + ३क्ष + ५ मॉड १९. विवेचक ९ − २० = −११ ≡ ८. एकोणीसचे वर्ग: १, ४, ९, १६, ६, १७, ११, ७, ५. आठ नाही. उकल शून्य.

प मोठा असेल तर वर्गांची यादी करायची नाही. −१ हा वर्ग असतो तेव्हाच, जेव्हा प ला ४ने भागून बाकी १ उरते. २ हा वर्ग असतो तेव्हाच, जेव्हा ८ने भागून बाकी १ किंवा ७ उरते. आणि दोन वेगवेगळ्या विषम मूळ संख्यांचा एकमेकींशी व्यवहार असा: दोघींपैकी एकीला जरी ४ने भागून बाकी १ असेल, तर ‘ही तिच्या मापात वर्ग आहे का’ आणि ‘ती हिच्या मापात वर्ग आहे का’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सारखी, दोघींची बाकी ३ असेल तर उलटी. गाऊसने १७९६ साली, वयाच्या विशीत पाऊल टाकण्याआधी, हे पहिल्यांदा सिद्ध केलं आणि १८०१च्या ग्रंथात छापलं. वापरून पाहू. क्ष² ≡ ५ (मॉड १००९) ला किती उकली? ५ची ४ने बाकी १, म्हणून प्रश्न उलटवता येतो: १००९ हा मॉड ५ वर्ग आहे का? १००९ ≡ ४, दोनाचा वर्ग. उत्तर दोन उकली. त्या कोणत्या, हे आपल्याला अजूनही ठाऊक नाही, आणि मोजणीला त्याची गरजही पडली नाही.

पायरी ४: क्ष^न ≡ अ

अ ≡ ० असेल तर उकल एक, शून्यच. नाहीतर द = न आणि प−१ यांचा मसावि काढा. उत्तर द असतं किंवा शून्य, मधलं काही नाही. अ^((प−१)/द) ची बाकी १ आली तर द, नाहीतर शून्य.

भास्कराचार्यांचा घन: क्ष³ ≡ ६ ≡ १ (मॉड ५). ३ आणि ४ यांचा मसावि १. म्हणून उकल एकच, आणि ६च्या जागी दुसरी कोणतीही संख्या असती तरी एकच. दर पाचांत एक का, त्याचं उत्तर हे.

आता क्ष³ ≡ २. मॉड ७: ३ आणि ६चा मसावि ३, आणि २^२ = ४, एक नाही. उकल नाही. मॉड ३१: ३ आणि ३०चा मसावि पुन्हा ३, आणि २^१० = १०२४ = ३३ × ३१ + १. बाकी १. म्हणून तीन उकली. पडताळायचं असेल तर ४, ७ आणि २० यांचे घन करून पाहा: ६४, ३४३, ८०००. तिन्हींची बाकी २.

पायरी ५: चाळणी

आता खरं हत्यार. क्ष³ + क्ष + १ सारखी बहुपदी वरच्या कुठल्याच साच्यात बसत नाही. तिच्यासाठी फर्माकडे पुन्हा जाऊ, पण वेगळ्या नजरेने. क्ष^प ≡ क्ष हे प्रत्येक बाकीला लागू आहे. म्हणजे क्ष^प − क्ष या बहुपदीला ०, १, २, … प−१ या सगळ्याच उकली आहेत. कोटी प, उकली प. तेव्हा ती म्हणजे

क्ष (क्ष − १)(क्ष − २) … (क्ष − (प−१))

हा गुणाकार. प्रत्येक बाकीचा अवयव तिच्यात एकदा आहे, फक्त एकदा. आता फ(क्ष) आणि क्ष^प − क्ष यांचा मसावि काढला तर त्यात काय उरेल? फ च्या ज्या उकली आहेत तेवढ्यांचेच अवयव, प्रत्येकी एकदा. बाकी सगळं गळून जातं. म्हणून:

वेगवेगळ्या उकलींची संख्या = मसावि(फ, क्ष^प − क्ष) ची कोटी.

पहिल्यांदा ऐकताना हे फसवं वाटतं. क्षचा शंभर कोटी सातवा घात असलेली बहुपदी लिहायची कुठे? लिहायचीच नाही. क्ष^प ला फ ने भागून काय बाकी उरते एवढंच लागतं, आणि ती बाकी फ पेक्षा लहान कोटीची असते. आपल्या फ साठी तीन सहगुणक, बस्स. आणि तिथे पोचायला वर्गावर वर्ग करत जायचं.

मॉड ११ करून दाखवतो. फ ≡ ० धरलं की क्ष³ = −क्ष − १. जिथे क्ष³ दिसेल तिथे हे घालायचं.

क्ष^४ = −क्ष² − क्ष
क्ष^५ = −क्ष³ − क्ष² = −क्ष² + क्ष + १

आता याचा वर्ग:

क्ष^१० = क्ष^४ − २क्ष³ − क्ष² + २क्ष + १ = −२क्ष² + ३क्ष + ३

आणि पुन्हा क्षने गुणून:

क्ष^११ = −२क्ष³ + ३क्ष² + ३क्ष = ३क्ष² + ५क्ष + २

यातून क्ष वजा केला की ३क्ष² + ४क्ष + २. सहगुणक १ करायला ४ने गुणा (३ × ४ = १२ ≡ १): क्ष² + ५क्ष + ८. आता फ ला याने भागा. बाकी येते ७क्ष + ८. मग क्ष² + ५क्ष + ८ ला ७क्ष + ८ ने भागा; ७क्ष ≡ −८ ≡ ३, म्हणजे क्ष ≡ २, आणि २ ठेवलं तर ४ + १० + ८ = २२ ≡ ०. भाग गेला. मसावि क्ष − २, कोटी एक, उकल एक. पहिल्या पायरीतला तक्ता हेच सांगत होता.

मॉड ७ आणखी झटपट होतं. क्ष^६ = (क्ष + १)², त्यावरून क्ष^७ = २क्ष² − १. वजा क्ष: २क्ष² − क्ष − १ = (२क्ष + १)(क्ष − १). याच्या उकली १ आणि ३, आणि त्या दोन्हींवर फ ची किंमत ३ येते, शून्य नाही. मसावि १, कोटी शून्य, उकल नाही.

४७साठी केलंत तर क्ष^४७ ची बाकी बरोबर क्ष येईल. वजाबाकी शून्य, म्हणजे मसावि खुद्द फ आणि उकली तीन: २५, ३४, ३५.

अकरासाठी हा सगळा खटाटोप तक्त्यापेक्षा महागच पडला, ते कबूल. पण शंभर कोटी सातसाठी तक्त्याला शंभर कोटी ओळी लागतात, आणि चाळणीला तिसेक वेळा वर्ग, मधूनमधून क्षने एक गुणाकार आणि शेवटी एक छोटा मसावि. संगणकाला तर तो निमिषाचाही खेळ नाही. हाताने करायचं तरी एखाद्या रविवारची दुपार पुरेल.

आणि पायरी ३ व ४ कुठून आल्या ते आता दिसतं. क्ष² − अ ला चाळणी लावा. क्ष² च्या जागी अ घालत गेलं की क्ष^प = अ^((प−१)/२) · क्ष. वजा क्ष केलं की क्ष समोर अ^((प−१)/२) − १ उरतो. तो शून्य असेल तर दोन उकली, नसेल आणि अ अशून्य असेल तर एकही नाही. ऑयलरची कसोटी म्हणतात ती हीच. पायरी ४चा नियमही असाच पडतो, फक्त मसावि जरा जपून काढावा लागतो.

एक गोष्ट चाळणी सांगत नाही: कोणती उकल दुहेरी आहे. मॉड ३१ आपला फ म्हणजे (क्ष − १४)²(क्ष − ३). चाळणी दोन म्हणते, कारण ती वेगवेगळ्या उकली मोजते. दुहेरीपणा पाहायचा तर फ आणि त्याचं विकलज (डेरिव्हेटिव्ह) ३क्ष² + १ यांचा मसावि वेगळा काढा.

पायरी ६: घन बहुपदीला आडवाट

क्ष³ + अक्ष + ब चा विवेचक −४अ³ − २७ब². आपल्या फ साठी −४ − २७ = −३१. प ३पेक्षा मोठी असेल तर नियम असा: विवेचक मॉड प वर्ग नसेल तर उकल नेमकी एक. अशून्य वर्ग असेल तर शून्य किंवा तीन. विवेचक शून्य असेल तर दुहेरी उकल आहे.

३१ला दोन का आल्या, ते कळलं. ११ला −३१ ≡ २, अकराच्या वर्गांत (१, ३, ४, ५, ९) नाही, म्हणून एक. १३ला −३१ ≡ ८, वर्ग नाही, एक. ५ आणि ७ या दोघांना −३१ ≡ ४, वर्ग आहे, तिथे शून्य. ४७ला −३१ ≡ १६, तोही वर्ग, पण तिथे तीन. शून्य की तीन हा निवाडा विवेचक करत नाही. त्यासाठी चाळणीच लागते. तरी अर्ध्या मूळ संख्यांचं काम एका वर्गतपासणीत उरकतं.

अर्ध्या हे मी अंदाजाने म्हणत नाही. फ साठी मूळ संख्यांच्या रांगेत दूरवर गेलं तर एक उकल देणाऱ्या निम्म्या, एकही न देणाऱ्या एकतृतीयांश आणि तीन देणाऱ्या एकषष्ठांश असतात. यामागे फ्रोबेनियसची कल्पना आहे आणि चेबोतार्योव्हने १९२२ साली सिद्ध केलेला तिचा व्यापक प्रकार. सरासरी काढा: निम्मे वेळा एक, एकषष्ठांश वेळा तीन. बेरीज एक.

पायरी ७: दोन चल आले की

य² ≡ फ(क्ष) अशा समीकरणाच्या (क्ष, य) जोड्या मोजायच्या तर प्रत्येक क्षला य च्या १ + ख(फ(क्ष)) उकली. सगळ्या क्षची बेरीज केली की

जोड्या = प + ख(फ(०)) + ख(फ(१)) + … + ख(फ(प−१)).

अकराचा तक्ता काढा. १, ३, ०, ९, ३, १०, ३, १०, ४, २, १०. अकराचे वर्ग १, ३, ४, ५, ९. तेव्हा +१ मिळवणारे सहा (१, ३, ९, ३, ३, ४), −१ मिळवणारे चार (१०, १०, २, १०), शून्य एक. बेरीज २, जोड्या ११ + २ = १३. अशा वक्राला अनंतावरचा एक बिंदू जोडायची प्रथा आहे. तो धरून १४.

हा आकडा प + १ पासून किती दूर जाऊ शकतो? आर्टिनने १९२०च्या दशकात अंदाज बांधला आणि हासेने १९३०च्या दशकात या प्रकारच्या वक्रांसाठी तो सिद्ध केला: प च्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. इथे १४ आणि १२ यांत फरक २, आणि मर्यादा साडेसहाच्या किंचित वर. मोजताना उत्तर या पट्ट्याबाहेर गेलं तर कुठेतरी बेरीज चुकली, असं डोळे झाकून समजा.

मोठ्या मापाला ही बेरीजही निरुपयोगी, कारण तिला प पदं आहेत. रेने स्खोफ यांनी १९८५ साली वेगळी रीत दिली. तिला प च्या किमतीएवढं नव्हे, प मधल्या अंकांच्या संख्येच्या एखाद्या घाताएवढं काम पडतं. बिटकॉइनची सही ज्या य² = क्ष³ + ७ या वक्रावर चालते, त्याचा प सुमारे २^२५६ एवढा आहे. तिथे तक्त्याची भाषाच नको.

वर्तुळाला मात्र काहीच लागत नाही. क्ष² + य² ≡ १ वरचा (−१, ०) हा बिंदू धरून वेगवेगळ्या चढाच्या रेषा काढा. चढ म असेल आणि १ + म² अशून्य असेल, तर रेषा वर्तुळाला आणखी एका बिंदूत भेटते. असे चढ प किंवा प − २, कारण −१ वर्ग असेल तर दोन चढ बाद होतात. सुरुवातीचा बिंदू मिळवला की उत्तर प + १ किंवा प − १. सातला आठ, तेराला बारा.

गाऊसच्या गणिती रोजनिशीतली शेवटची नोंद, ९ जुलै १८१४ची, अशाच मोजणीची आहे: क्ष² + य² + क्ष²य² ≡ १. त्याने पाहिलं की ४ने भागून बाकी १ उरणाऱ्या प ला दोन वर्गांच्या बेरजेत, अ² + ब² असं, चिन्हं नीट धरून फोडलं तर अनंतावरचे चार बिंदू धरून उत्तर (अ − १)² + ब² येतं. १७ = १² + ४², म्हणून ० + १६ = १६; चार वजा, कागदावर बारा. मी ते हाताने मोजलं आहे, बाराच भरतात. गाऊसने हे अनुभवावरून लिहिलं, सिद्धता दिली नाही.

तीन किंवा जास्त चलांसाठी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. चलांची संख्या कोटीपेक्षा जास्त असेल तर उकलींच्या संख्येला प ने भाग जातो. शेव्हाले आणि वॉर्निंग यांचा हा १९३५चा निकाल. क्ष² + य² + झ² ≡ ० मध्ये चल तीन, कोटी दोन. सगळी शून्यं ही एक उकल तर आहेच. मग एकूण किमान प असल्याच पाहिजेत. मॉड ३ मोजा: एक तर तिन्ही शून्य, नाहीतर तिन्ही अशून्य. एक अधिक आठ, नऊ.

उत्तर तपासायचं कसं

माझी नेहमीची तपासणी अशी. फ(क्ष) ≡ ० ऐवजी उजवीकडे ०, १, २, … प−१ सगळे ठेवून उकली मोजल्या तर त्यांची बेरीज प यायला हवी, कारण प्रत्येक क्ष कुठेतरी एकदाच पडतो. अकराच्या तक्त्यात ३ तीनदा, १० तीनदा, आणि ०, १, २, ४, ९ एकेकदा: एकूण ११. ५, ६, ७, ८ एकदाही नाहीत. तक्ता एका जागी चुकला तर ही बेरीज ते पकडत नाही, कारण अकरा नोंदी असतील तर बेरीज अकराच भरणार. पण चाळणीने काढलेले वेगवेगळे आकडे जुळवताना ती फार उपयोगी पडते.

स्वतः करून पाहायला ६७ घ्या. −३१ ≡ ३६, सहाचा वर्ग, म्हणजे आडवाट शून्य की तीन इथवर आणून सोडेल. चाळणी लावा: ६७ = ६४ + २ + १, सहा वेळा वर्ग, दोनदा क्षने गुणाकार. शेवटी क्ष^६७ ची बाकी क्ष आली नाही तर कुठेतरी वजाचं चिन्ह हरवलं आहे, ते शोधा; उकली १३, ५८ आणि ६३ आहेत.